मयताची अमानत

शाळेची मधली सुट्टी झाली होती. मी स्टाफरूममध्ये डबा उघडत होतो, इतक्यात शिपाई सांगत आला, "सर, बाहेर एक बाई आल्यात, तुम्हालाच भेटायचंय म्हणतात." बाहेर गेलो तर बुरख्यातल्या पन्नाशीच्या एक आपा पायरीवर बसलेल्या. सोबत सातवी-आठवीतला नातू. सलाम झाला, आणि त्यांनी सरळ विषयालाच हात घातला.

"सर, अब्बांबरोबर वकीलसाहेबांकडे तुम्हीच बसला होतात ना? त्या दिवशी अब्बांनी काय सांगितलं? मला माझा हिस्सा द्यायचा होता की नव्हता? वकीलसाहेब काहीच बोलत नाहीत, म्हणून तुमच्याकडे आले."

मी गप्प राहिलो. उत्तर मला माहीत होतं, आणि म्हणूनच बोलता येत नव्हतं.

या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली. त्या घरातल्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पण त्या मधल्या सुट्टीत डोक्यात शिरलेला प्रश्न अजून गेलेला नाही. माणूस वकिलाला विश्वासाने काही सांगतो आणि मरून जातो. मागे जमिनीचा कज्जा उभा राहतो. मग ती गोष्ट कोणाची? वकिलाची, वारसांची, कोर्टाची, की कबरीत गेलेल्या त्या माणसाचीच?

आधी मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचा महसूल आणि कोर्टाचा कारभार उर्दूत चाले. म्हणून आमच्याकडच्या जुन्या घरांतल्या पेट्यांत आजही उर्दू दस्त सापडतात, त्यांवर फसली सन असतं आणि अक्षर शिकस्त, म्हणजे एकमेकांत मोडून गुंतलेलं. आजच्या वकिलांना ते वाचता येत नाही. मग कोणीतरी सुचवतं, अमुक शाळेतले उर्दूचे सर आहेत, त्यांना बोलवा. फसली सनात ५९० मिळवायचे म्हणजे इसवी सन येतं, हे एवढं गणित आणि डोळ्यांचा थोडा सराव यांच्या जोरावर मी अशी बरीच कागदपत्रं वाचून दिली आहेत.

त्या दिवशीही तेच काम होतं. चाचांच्या वडिलांचा एक हिबानामा होता. तो मी वाचला आणि मराठीत उतरवून दिला. चाचा अस्सल दखनी बोलायचे, वकीलसाहेबांना ती अर्धीच कळायची, म्हणून कागद संपल्यावरही मी बसून राहिलो आणि इकडचं तिकडे सांगत राहिलो. त्यात चाचा आपल्या जमिनीबद्दल आणि मुलामुलींबद्दल मनातलं बोलले. उठताना वकीलसाहेब मला म्हणाले, "सर, इथलं इथंच राहिलं पाहिजे." मी मान डोलावली. पुढे दीड वर्षात चाचा गेले.

वकील हा शब्द आमच्या वर्गात दोनदा येतो, एकदा उर्दूच्या तासाला आणि एकदा मराठीच्या. तो मूळचा अरबी. ज्याच्यावर आपण आपलं काम सोपवलं तो वकील. अल्लाहवर भरवसा टाकणं म्हणजे तवक्कुल, तोही याच धातूतून आलेला. वकिलाच्या पक्षकाराला मराठीत अशील म्हणतात, त्याच्या मुळाशी अरबी 'असील' आहे, म्हणजे मूळ माणूस, ज्याचं काम आहे तो. मराठेशाहीत वकील हा दरबारातला प्रतिनिधी होता. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये शहा आलम बादशहाकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक' हा अधिकार मिळवला, तेव्हा त्याचा काळ्या कोटाशी काही संबंध नव्हता. पण सोपवण्याचा अर्थ तेव्हाही होता. मूळ माणूस नसेल तिथे त्याच्या जागी वकील उभा राहतो. मग मूळ माणूस कायमचाच नाहीसा झाला तर?

इंग्लंडच्या कोर्टांत वकिलाच्या मौनाचा इतिहास चांगला साडेचारशे वर्षांचा आहे. १५७७ साली चान्सरी कोर्टात बर्ड विरुद्ध लव्हलेस नावाचा दावा चालला होता. थॉमस हॉट्री नावाच्या सॉलिसिटरला साक्षीसाठी समन्स निघालं. त्याने शपथेवर सांगितलं की याच दाव्यात मी एका बाजूचा सॉलिसिटर आहे. कोर्टाने त्याला साक्षीतून मोकळं केलं. या विषयावर अगदी सुरुवातीला नोंदवलेल्या निकालांत हा निकाल धरला जातो. त्या काळी हे मौन वकिलाच्या इभ्रतीचं मानलं जाई. सभ्य माणूस दुसऱ्याचं गुपित फोडत नाही, एवढाच त्यामागचा विचार.

१७४३ मध्ये डब्लिनला या इभ्रतीची कसोटी लागली. प्रकरण एखाद्या कादंबरीत शोभावं असं होतं. जेम्स ॲनस्ली हा स्वतःला लॉर्ड ॲल्थमचा मुलगा आणि वारस म्हणवत होता. बाप मेल्यावर चुलत्याने, म्हणजे पुढे अर्ल ऑफ अँगलसी झालेल्या माणसाने, आपल्याला पोरवयात पळवून अमेरिकेत वेठीला विकलं, असं त्याचं म्हणणं होतं. तो परत आला आणि जमिनीचा दावा लावला. चुलत्याचा अटर्नी जॉन गिफर्ड साक्षीला उभा राहिला. पुतण्याला फासावर चढवता आलं तर दहा हजार पौंड खर्चीन, असं माझा अशील मला बोलला, हे त्याने सांगितलं. वकिलाला हे बोलता येतं का, यावर मोठा वाद झाला. शेवटी कोर्टाने साक्ष घेतली. निरपराध माणसाचा जीव घेण्याचा बेत हे वकिलीचं काम होऊ शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. जूरीने जेम्सच्या बाजूने कौल दिला, पण पदवी आणि दौलत त्याला अखेरपर्यंत उपभोगता आली नाही, १७६० मध्ये तो मेला. इथे अशील जिवंत होता. पण एक मर्यादा ठरून गेली, गुपिताच्या आडून गुन्हा करता येणार नाही.

मेलेल्या अशिलाचा प्रश्न १८५१ मध्ये रसेल विरुद्ध जॅक्सन या दाव्यात स्पष्टपणे समोर आला. एका माणसाने मृत्युपत्रात आपली मालमत्ता काही जणांच्या नावे केली होती. प्रत्यक्षात तिच्यातून समाजवादी विचार शिकवणारी शाळा काढायची असं आतून ठरलं होतं, असा दुसऱ्या बाजूचा आरोप होता. मृत्युपत्र करताना तो वकिलाशी काय बोलला, हे कोर्टाने ऐकावं का? व्हाइस चान्सलर टर्नर यांनी ऐकलं. त्यांचा विचार साधा होता. वकिलाचं मौन अशिलाच्या संरक्षणासाठी असतं, परक्याने त्याच्या बोलण्याचा उपयोग त्याच्याविरुद्ध करू नये म्हणून. पण दोन्ही बाजू त्याच मयताच्या नावाने हक्क सांगत असतील, तर त्या गुपितावर एकाच बाजूचा ताबा कसा? आणि मयताची खरी इच्छा उघड झाली तर त्यात त्याचं नुकसान काय?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्ये ग्लोव्हर विरुद्ध पॅटन या दाव्यात हीच वाट धरली. तिथे आईच्या मृत्युपत्रावरून बहिणी-बहिणींत वाद होता. मृत्युपत्राबद्दल आई वकिलाशी जे बोलली ते सांगायला न्यायालयाने मोकळीक दिली.

मात्र भांडण घरातलं नसेल आणि समोर बाहेरचा असेल तर नियम उलटा होतो. १९०१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे बुलिव्हंट प्रकरण आलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीच्या सरकारचं म्हणणं होतं की एका मयताने वारसा कर चुकवण्यासाठी हयातीतच जमिनी दुसऱ्यांच्या नावे केल्या, तेव्हा सॉलिसिटरकडचे कागद दाखवा. लॉर्डांनी नकार दिला. अशील मेला म्हणून गुपित मरत नाही, आणि नुसता मोघम आरोप करून ते फोडता येत नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये हाच प्रश्न व्हाइट हाउसच्या दारात गेला. व्हिन्सेंट फॉस्टर हे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या कार्यालयातले विधी अधिकारी. जुलै १९९३ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्याच्या नऊ दिवस आधी ते एका वकिलाला भेटले होते, आणि वकिलाने हाताने लिहिलेली तीन पानांची टिपणं मागे राहिली होती. सरकारी तपासाला ती हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती द्यायला नकार दिला. आपण मेल्यावर सगळं बाहेर येणार हे माहीत असेल तर माणूस जिवंतपणीच वकिलाशी मोकळेपणाने बोलणार नाही, असं सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी म्हटलं. मरणानंतर नाव, इज्जत आणि घरच्यांना होणारा त्रास यांची काळजी माणसाला असतेच. त्याच निकालात मृत्युपत्राच्या जुन्या अपवादाचीही दखल आहे. वारसांच्या आपसातल्या वादात वकील बोलू शकतो, कारण त्याने मयताची इच्छाच पुरी होते.

आता आपल्याकडे येऊ. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला भारतीय पुरावा कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. त्याचं १२६ वं कलम बॅरिस्टर, अटर्नी, प्लीडर आणि वकील अशा चौघांना बांधत होतं. यातल्या पहिल्या दोन शब्दांवर आपल्या लोकांनी थोडं थांबायला हरकत नाही. मुंबईच्या तय्यबजी घराण्यातले कमरुद्दीन हे पहिले हिंदी सॉलिसिटर, आणि त्यांचे धाकटे भाऊ बद्रुद्दीन १८६७ मध्ये मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले, पुढे १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश. कायदा आला तेव्हा त्यातली ही दोन्ही नावं आपल्याच एका घरात नांदत होती.

कलम सांगतं की कामाच्या निमित्ताने अशिलाने जे सांगितलं ते त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाने कधीही उघड करू नये. काम संपल्यावरही हे बंधन संपत नाही, असं खाली स्पष्टीकरण आहे. मरणाचा शब्द कलमात नाही, पण 'कधीही' आहे. अपवाद दोन. बोलणं बेकायदा हेतू तडीला नेण्यासाठी असेल तर, किंवा काम घेतल्यानंतर काही गुन्हा अथवा लबाडी झालेली वकिलाने स्वतः पाहिली असेल तर. सोबत दिलेली उदाहरणं बघा. मी खोटा दस्त केला, आता माझा बचाव करा, असं अशील म्हणाला तर ते गुपित. खोट्या दस्ताच्या जोरावर मला जमिनीचा ताबा मिळवायचा आहे, दावा लावा, असं म्हणाला तर गुपित नाही. झालेलं पाप वकिलापाशी कबूल करता येतं, पुढच्या पापात त्याला भागीदार करता येत नाही.

आणि लगेच पुढचं १२७ वं कलम. हे बंधन दुभाषांना आणि वकिलाच्या कारकुनांनाही लागू. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात कोणीतरी माझी खुर्ची मांडून ठेवली होती. १ जुलै २०२४ पासून जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या १३२ व्या कलमात ही दोन्ही कलमं एकत्र झाली आहेत, दुभाषा तिथेही आहे.

पण आपांच्या प्रश्नाचं उत्तर या कलमात नाही. टर्नर साहेबांनी काढलेली वारसांची वाट आपल्या कायद्यात शब्दांत लिहिलेली नाही. तिथे फक्त अशिलाची स्पष्ट संमती आहे, आणि अशील तर कब्रस्तानात. म्हणजे समोरच्या प्रकरणात तोंड उघडायचं की नाही हे न्यायाधीशानेच ठरवायचं. वकिलाने नाही, आणि मास्तरने तर नाहीच.

आपल्या समाजात हा गुंता जास्त दाट होतो, कारण आपल्याकडे कागद कमी आणि शब्द जास्त. मुसलमानाची वसीयत तोंडी असली तरी चालते. तिच्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात हा वारसा कायद्याचा नियम तिला लागू नाही. हिब्याला ईजाब, कबूल आणि कब्जा, म्हणजे देतो म्हणणं, घेतो म्हणणं आणि ताबा देणं, या तीन गोष्टी पुरेशा आहेत. हिबा कागदावर लिहिला म्हणून त्याची नोंदणी सक्तीची होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजा बीबी प्रकरणात सांगितलं. ही सोय गरिबासाठी चांगलीच आहे. पण बाप गेला की तीच सोय भावाबहिणींच्या मध्ये येते. बापाने मरणापूर्वी नक्की काय म्हटलं यावर एकरांचा निकाल लागतो, आणि ते ऐकलेले कान दोन-चारच असतात.

माझ्यापुरता आणखी एक पेच होता. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत व्यवहार लिहून ठेवायची आणि साक्षीदार करायची ताकीद आहे, आणि पुढच्याच आयतीत साक्ष लपवू नका असं बजावलं आहे. सूरह माइदाच्या १०६ व्या आयतीत तर मरण समोर असताना केलेल्या वसीयतीला दोन विश्वासू साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे. दुसरीकडे कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत, आणि अमानतीत खयानत करणाऱ्याला माफी नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग मी साक्षीदार की अमानतदार? आमच्या मोहल्ल्यातल्या एका जुन्या मौलाना साहेबांना नाव-गाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, साक्ष काझीपुढे द्यायची असते, ओट्यावर नाही. ओट्यावर दिलेल्या साक्षीला गीबत म्हणतात.

मला एवढा आधार पुरला.

मी आपांना सांगितलं, "आपा, मी इथे काही सांगणार नाही. तुमच्या भावालाही सांगणार नाही. कोर्टाने बोलावलं तर जाईन. तिथे वकील हरकत घेतील, न्यायाधीश ठरवतील. बोल म्हणाले तर जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगेन, मग ते तुमच्या बाजूचं असो की विरुद्ध."

आपा रडल्या नाहीत. बुरखा सावरत उठल्या आणि म्हणाल्या, "सर, भावाकडे पैसा आहे, वकील आहे. माझ्याकडे फक्त तुम्ही होता." नातवाचा हात धरून गेल्या. त्या दिवशीचा डबा तसाच घरी नेला.

आठवड्याभराने भाऊही आला. रात्री, इशाच्या नमाजनंतर. त्याला सगळं नको होतं, एकच वाक्य हवं होतं. "जमीन पोराला दिली, एवढंच अब्बा म्हणाले होते असं सांगा, सर. बाकीचं सोडा." त्यालाही तेच उत्तर दिलं. तेव्हा मला खरं कळलं की हे मौन कशासाठी असतं. ज्याला त्याला मयताच्या बोलण्यातला आपल्या सोयीचा तुकडा हवा असतो, आणि हा तुकडा माझा नाही, हे सांगायला मयत येऊ शकत नाही.

पुढे दाव्यात तडजोड झाली. मला कोर्टात कोणी बोलावलं नाही. आपांना काहीतरी मिळालं असं ऐकतो, शरीयतप्रमाणे पुरा हिस्सा मिळाला की नाही ते मी विचारलेलं नाही. बाजारात दिसल्या तर त्या नजर वळवतात. मी बरोबर होतो असं मला वाटतं, पण त्या नजरेला माझ्याकडे उत्तर नाही. चाचा काय म्हणाले होते ते या लेखातही मी लिहिणार नाही.

मात्र चाचांना सांगायचं राहून गेलेलं तुम्हाला सांगतो. वकिलाशी जे बोलता ते तुमचं आहे, आणि त्याची किल्लीही तुमच्याच हातात आहे, पण श्वास चालू आहे तोवरच. माझ्या मागे मालमत्तेवरून वाद झाला तर माझी इच्छा माझ्या सर्व वारसांना आणि कोर्टाला सांगायला माझी संमती आहे, एवढं एक वाक्य लिहून, सही करून वकिलाकडे ठेवा. कायदा जी स्पष्ट संमती मागतो ती अशी लिहून ठेवता येते. हिबा करायचा तर लिहून करा, नोंदवा, कब्जा खरोखर द्या, सातबाऱ्यावर फेरफार करून घ्या, आणि वकिलाखेरीज दुसरे साक्षीदार ठेवा. वसीयत एक तृतीयांशाच्या आत ठेवा. वारसाच्या नावे करायची असेल तर तुमच्या मागे बाकीच्या वारसांची मंजुरी लागेल, तेव्हा आत्ताच त्यांच्याशी बोला.

आणि एक गोष्ट मुलींच्या बापांसाठी. हजरत बशीर यांनी आपल्या एका मुलाला काही बक्षीस दिलं आणि पैगंबरांना, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, साक्षीदार व्हा म्हटलं. सगळ्या मुलांना असंच दिलंस का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी साक्षीदार व्हायला नकार दिला. ही हदीस आपल्याला पाठ असते, पण सातबाऱ्यावर ती क्वचितच उतरते. लेकीचा हक्क वकिलाच्या खोलीत दबक्या आवाजात बोलायची गोष्ट नाही. तो जेवताना, सगळ्या मुलांसमोर मोठ्याने बोला. मग तुमच्या मागे तुमच्या लेकीला कुठल्या शाळेच्या पायरीवर बसून राहावं लागणार नाही.